उजव्या चाकाची मोगरी

"हे कोणी केलं?"

मी शाळेतून आले होते, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. ओट्यालगत चार मोगऱ्या ओळीनं वाळत ठेवलेल्या, आणि चारही केशरी रंगानं लखलखत होत्या. बाजूला ऑइलपेंटचा डबा. समोर उकिडवे बसलेले माझे सासरे, सुपडू मिस्तरी. लहान पोरासारखे हसत होते.

"कशा दिसतात, सूनबाई?"

"आबा, मी विचारते, कोणी केलं हे?"

"तोतारामशेठनं पेंटर धाडला होता. दोन हात मारलेत, दोन! आरशासारखं तोंड दिसतं बघ त्यात."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक मोगरीच्या वरच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सौजन्य : तोतारामशेठ पाटील, अध्यक्ष, रथोत्सव मंडळ.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोगरी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आमच्या तामसगावात कार्तिकी एकादशीला रथ निघतो. चार मजली, सागवानी, चाकांना लोखंडी पट्ट्या. दोनशे माणसं दोराला लागतात तेव्हा कुठे जागचा हलतो. आणि एकदा हलला की दोनशे माणसांच्या बापालाही ऐकत नाही. त्याला ब्रेक नाही, सुकाणू नाही. जे काही आहे ते मोगरी. बाभळीचा जाड तिरका ठोकळा, त्याला मागे हातभर दांडा. चालत्या चाकापुढे वाकायचं आणि हा ठोकळा पट्टीखाली सरकवायचा. रथ थांबवायचा तर दोन्ही पुढच्या चाकांना एकदम लावायची. वळवायचा तर एकाच. डावं चाक अडवलं की उजवं चालत राहतं आणि अख्खा रथ डावीकडे फिरतो. आमच्या गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

हा मान सुताराच्या घराचा, म्हणजे आमचा. उजवं चाक आबांचं, डावं चाक ह्यांचं. हे म्हणजे माझे यजमान, एकनाथ. पेठेतल्या सपाटीवर जुन्या मोगऱ्या चालतात, पण शेवटी चावडीचा उतार लागतो. दीडशे पावलं, सरळ नदीच्या वाळूत उतरणारा. त्या उतारासाठी दरवर्षी चार नव्या मोगऱ्या करायच्या, दोन उजव्या, दोन डाव्या. उजवीच्या दांड्यावर एक खाच, डावीच्या दांड्यावर दोन. आणि घराण्याचा नेम असा, की मोगरी वाकसानं तासायची, तिला रंधा लावायचा नाही आणि तेलाचं बोट लावायचं नाही. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. आजोबांनी सांगितलं, पणजोबांनी सांगितलं, बस.

मला ठाऊक होतं. मी गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते.

"आबा, ही घसरेल," मी म्हटलं. "खरखरीत लाकूड रस्त्याला धरून बसतं, म्हणून रथ थांबतो. ह्याला घर्षण म्हणतात. तुम्ही ते पुसून टाकलंत! त्यात उतारावर ह्या वर्षी नवं काँक्रीट झालंय. वर बाया चाकांवर पाणी घालणार. घासून काढा हा रंग, आत्ताच्या आत्ता."

आबांचं हसू मावळलं. "रंधा लावला का मी? तेल लावलं का? रंग लावू नये असं कोणी सांगितलंय?"

"सांगायला रंग होता कुठे तेव्हा!"

"सूनबाई." त्यांनी मोगरीवरून हात फिरवला, अगदी अलगद. "चाळीस वर्षं मी त्या चाकापुढे वाकतो. रथावर बसणाऱ्याला हार, चवरी ढाळणाऱ्याला हार, दोर ओढणाऱ्याला गूळ-पाणी. मोगरीवाल्याकडे कोणी मान वळवून बघितलं नाही. आता लांबून दिसेल. लोक म्हणतील, ती बघा मोगरी."

"आणि नाव कोणाचं दिसेल? तुमचं? वाचा ना काय लिहिलंय! तोतारामशेठ वाकणार आहे का चाकापुढे?"

ओट्यावर हे बसले होते. बिडी हातात तशीच. मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही तरी बोला काही. पाय तुमचे जायचेत."

ते म्हणाले, "आबा म्हणतात तर..." आणि पुढचं वाक्य बिडीच्या धुरात गेलं. ह्या माणसाची सगळी वाक्यं अशीच. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एक वाक्य पुरं ऐकायला मी आसुसले होते.

दुसऱ्या दिवशी मी एक रंगवलेली मोगरी पिशवीत घातली, कोठीतली एक जुनी घेतली, आणि शाळेत गेले. मोगरीला बाईमाणसानं हात लावायचा नाही असाही एक नेम होता. मी म्हटलं, गेला नेम खड्ड्यात.

सातवीचा वर्ग व्हरांड्यात आणला. गुळगुळीत फरशी होती तिथे. जुन्या मोगरीवर दोन विटा ठेवल्या, ताणकाट्याचा हूक दांड्याला अडकवला आणि ओढायला रत्नप्रभा कोळीला बोलावलं. ही पोरगी वर्गात सगळ्यांत आगाऊ आणि सगळ्यांत हुशार.

"काटा वाच."

"साडेतीनला हलली, बाई."

"आता ही ओढ."

रंगवलेली दोनवर हलली. मग मी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. तिनं हूक लावला न लावला तोच मोगरी पुढे आली. काटा सव्वासुद्धा पुरता झाला नव्हता. पोरं हसली. रत्नप्रभा हसली नाही. तिनं ताणकाटा खाली ठेवला.

"बाई, मग उतारावर रथ थांबणारच नाही."

"बरोबर," मी म्हटलं. "हेच लिहा वहीत."

तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. चाळीस पोरांनी वहीत लिहिलं आणि चाळीस घरांत जाऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात एकच बातमी, मिस्तरींची सून म्हणते, यंदा रथ थांबणार नाही. ताणकाटा कुठे गेला, पाणी कुठे गेलं, विटा कुठे गेल्या. राहिले फक्त मी, अवदसा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तर बऱ्हाटे सरांनी बोलावलं. खोलीत तोतारामशेठ बसलेले. पांढरं धोतर, मांडीवर टोपी. रथाचे अध्यक्ष तेच आणि शाळेच्या समितीवरही तेच.

"काय ओ बाई, देवाच्या कामात अपशकुन करता?"

"अपशकुन नाही शेठ, प्रयोग केला. तुम्हालाही करून दाखवते. मोगरी आणू?"

"दीडशे वर्षं रथ थांबतोय."

"दीडशे वर्षं त्याला कोणी रंग फासला नव्हता."

शेठ सरांकडे बघून हसले. "शिकलेली सून केली सुपडूनं. भोगतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रंग काही निघणार नाही. पत्रिकेत छापून झालंय, मोगऱ्यांची रंगरंगोटी अमुकतमुककडून. आता माझं नाव मी खरवडून काढू?"

"नाव राहू द्या ना वरच्या अंगावर! खालचं अंग घासा. रस्त्याला नाव वाचता येत नाही."

"सिंधूबाई!" बऱ्हाटे सर ओरडले. "पुरे झालं. वर्गात जा तुम्ही."

मी गेले. फळ्यावर खडू दोनदा मोडला.

घरी त्याहून वाईट. आबांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि चारही मोगऱ्या उचलून देवळात नेऊन ठेवल्या. जाताना ह्यांना, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "सांग तुझ्या बायकोला, पुन्हा हात लावला तर मी अन्न सोडीन." म्हातारा हट्टाला पेटला होता. बोलल्याप्रमाणं करणारा माणूस.

एकादशीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी ह्यांना मागच्या अंगणात गाठलं. ते लाकडं फोडत होते.

"उद्या पहाटे देवळातून मोगऱ्या विहिरीवर धुवायला तुम्हीच नेणार ना?"

"हो."

"चारही?"

"हो."

"मग कानस घेऊन जा. खालची अंगं घासून टाका. कोणाला कळायचं नाही."

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "आबांना न विचारता?"

"विचारून झालं ना! गावभर विचारून झालं! उद्या तुम्ही त्या चाकाखाली जाल आणि मी शकुन-अपशकुन करत बघत बसू? माणसाला एवढी भीती कशाची हो? बापाची? शेठची? चाकाची भीती नाही वाटत तुम्हाला, त्या दोन माणसांची वाटते!"

मी खूप बोलले. माझी जीभ एकदा सुटली की तिलाही मोगरी लागते. आणि त्या सगळ्या बोलण्याच्या शेवटी आमच्यात आणखी चार वाक्यं झाली. ती मी आत्ता सांगत नाही. तेवढी राहू द्या थोडा वेळ.

एकादशी उजाडली. दुपारी रथ निघाला. पेठेतून वाजतगाजत आला, जुन्या मोगऱ्यांनी दोन वळणं घेतली, आणि ऊन कलल्यावर चावडीच्या माथ्याशी येऊन उभा राहिला. मी उताराच्या मध्यावर, कासारांच्या दुकानाच्या दगडी ओट्यावर बायकांत उभी होते. रत्नप्रभा माझा पदर धरून उभी.

उतारावर रथ आला की पुढचे दोर सोडतात आणि सगळी माणसं मागच्या दोरांना लागतात, रथ धरून ठेवायला. रथाच्या पुढे तिथून नदीपर्यंत चिटपाखरू नसतं, फक्त दोन मोगरीवाले. एक उजवीकडे, एक डावीकडे. आबांनी धोतर खोचलं होतं, डोक्याला नवा फेटा. हातात केशरी मोगरी. ते पहिल्यांदाच लोकांकडे बघत होते. आणि खरं सांगते, लोकही त्यांच्याकडे बघत होते. कोणीतरी ओरडलं, "आबा, मोगरी झकास!" म्हाताऱ्यानं दांडा वर करून दाखवला. मला इतका राग आला, आणि इतकं भरूनही आलं, की मी मान फिरवली.

बायांनी चाकांवर पाणी घातलं. काँक्रीट ओलं झालं. जयघोष झाला आणि रथ निघाला.

दहा-बारा पावलं तो नुसता डुलत आला. मग जोर धरला. लोखंडी पट्ट्यांचा खडखडाट बदलला की आपल्या पोटात कळतं. आबा ओरडले, "लाव!" नेहमीप्रमाणं दोघं एकदम वाकले, दोन मोगऱ्या एकदम चाकांखाली गेल्या.

डावी मोगरी बसली. लाकूड करकरलं, चाक तिच्यावर चढलं आणि अडलं.

उजवी बसली नाही. चाकानं तिला पुढे ढकललं आणि ती ओल्या काँक्रीटवरून सुळकन निघाली, सव्वाच्या काट्यावर निघाली होती तशी. आबांनी दांडा सोडला नाही. मी ओरडले, "सोडा, आबा, सोडा!" त्यांनी सोडला नाही. चाळीस वर्षांत त्यांनी तो कधी सोडला नव्हता.

एक चाक अडलेलं, एक चालतंय. रथानं जे करायचं तेच केलं. तो वळला. पुढचं तोंड डावीकडे गेलं आणि मागचं सगळं अंग, चार मजल्यांसकट, उजवीकडे झोकलं गेलं. दोरावरची माणसं फरफटत गेली. मागचं उजवं चाक आडवं घसरत आमच्या ओट्याकडे आलं, ओट्याच्या दगडाला धडकलं आणि थांबलं.

मध्ये आबा होते.

नंतरचं फार सांगत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. बाकी कोणाला खरचटण्यापलीकडे काही नाही. गावात म्हणायला लागले, देवानं एकावर निभावलं.

मग माझ्याविषयीचं बोलणं फिरलं. अवदसा होते, ती आता शहाणी झाले. बाईंनी आधीच सांगितलं होतं, बाईंनी पोरांना प्रयोग करून दाखवला होता. मंडळानं ठराव केला, मोगरीला रंग लावायचा नाही. आणि सव्वीस जानेवारीला, झेंड्याखाली, ह्याच तोतारामशेठनं माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. म्हणाले, "अशा शिक्षिका गावाला लाभल्या." नारळ त्यांच्याच टाळक्यात घालावा असं वाटलं. पण मी घेतला. वाकून नमस्कार केला, टाळ्या घेतल्या आणि घरी आले.

घरी आबा खाटेवर बसले होते. त्यांनी शाल बघितली. थोड्या वेळानं म्हणाले, "सूनबाई, त्या मोगऱ्या कुठायत?"

"कोणत्या?"

"उतारावरच्या. त्या दिवशीच्या."

कोठीत होत्या. मी चारही आणल्या. त्यांनी आधी आपली घेतली, एका खाचेची. उलटी केली. खाली केशरी रंग, त्यावर लांब-लांब ओरखडे. मग दोन खाचांची घेतली, ती उलटी केली. खाली रंगाचा ठिपकाही नव्हता. उघडी बाभूळ आणि कानशीच्या आडव्या रेघा. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला. जन्मभर लाकूड हाताळलेला अंगठा होता तो.

"ही घासलेली आहे," ते म्हणाले.

मग उरलेल्या दोनही उलट्या करून बघितल्या.

"ह्या दोन्ही घासल्यात. माझ्या दोन नाही घासल्या." ते हळूहळू बोलत होते, एखादा हिशेब लागत नसल्यासारखे. "दोन्ही घसरल्या असत्या तर सरळ गेला असता रथ. वाळूत रुतला असता. पुढे होतं कोण? मी बाजूला झालो असतो. दोन्ही बसल्या असत्या, तर थांबला असता. एक बसली, एक घसरली... सूनबाई, हे तर वळण घ्यायचं काम झालं. त्यानं रथ वळवला माझ्यावर."

"आबा..."

"विहिरीवर चारही त्याच्या हातात होत्या. आपल्या घासल्या, बापाच्या ठेवल्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे. "तुला माहीत होतं हे?"

आता ती चार वाक्यं सांगते.

त्या दिवेलागणीला, माझं सगळं बोलून झाल्यावर, हे म्हणाले होते, "बरं. चारही घासतो."

मी म्हटलं होतं, "चार नको. आबा आपली मोगरी हातात घेतल्याबरोबर उलटी करून बघतील, गावासमोर तमाशा करतील. तुमच्या दोन घासा."

त्यांनी विचारलं होतं, "आणि आबांच्या?"

आणि मी म्हटलं होतं, "आबांचं आबा बघून घेतील. त्यांना मिरवायचंय ना? मिरवू द्या."

हे मी म्हटलं होतं. सातवीला बल आणि गती शिकवणारी मी. दोन्ही बाजूंनी सारखं बल नसेल तर वस्तू वळते, हे फळ्यावर बाणांनी काढून दाखवणारी मी. गावातल्या शेंबड्या पोराला जे कळतं ते मला त्या अंगणात कळलं नाही, कारण मला राग आला होता. म्हाताऱ्याचा राग, शेठचा राग, रंगाचा राग. मला माझ्या नवऱ्याचे पाय तेवढे दिसत होते.

आबा उत्तराची वाट बघत होते. शाल अजून माझ्या खांद्यावर होती.

"नाही आबा," मी म्हटलं. "मला काही माहीत नव्हतं."

आणि मान वर केली तर दारात हे उभे. हातात आबांसाठी बनवलेली कुबडी, नुकतीच तासून आणलेली. त्यांनी माझं वाक्य ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. मी देवाची शपथ घेऊन सांगते, मला वाटत होतं की त्यांनी बोलावं, खोटारडी म्हणावं, शाल ओढून फेकावी. आबांनी विचारलं, "का केलंस रे?" ह्यांनी कुबडी भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाले, "चुकलं, आबा." आणि बाहेर निघून गेले. पुरं वाक्य. सहा वर्षांत आबांसमोर पहिलं.

त्यानंतर नऊ वर्षं आबा जगले. ह्यांच्याशी बोलले नाहीत. हे समोर बसले असले तरी मला म्हणायचे, त्याला सांग, बाजारातून सुतळी आण. ह्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. ताट मी वाढायचं, अंघोळ मी घालायची, चहा मी द्यायचा. कुबडी मात्र वापरायचे. ती झिजली की रात्रीतून दारात दुसरी उभी असायची, कोणी केली ते आबा विचारत नसत. शेवटच्या दिवसांत माझा हात धरून म्हणाले, "लेकानं पाय घेतला माझा, पण सुनेनं मुलीसारखं केलं." मी पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन रडले. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही नाही सांगितलं.

ह्याला आता पस्तीस वर्षं होत आली. मी निवृत्त झाले. रत्नप्रभा त्याच शाळेत विज्ञान शिकवते. ह्यांचे केस पिकले, पण दर कार्तिकात चार मोगऱ्या हेच करतात. चाकापुढे आता आमचा चुलत पुतण्या आणि त्याचा मुलगा वाकतात. आणि मी भांडते. भाजीत मीठ कमी पडलं तर भांडते, दार उघडं राहिलं तर भांडते. गावात म्हणतात, काय बाई आहे, एवढ्या गरीब माणसाला जन्मभर धारेवर धरलं. त्यांना काय सांगू? एकदा ह्या माणसानं उलटून मला एक शब्द बोलावा, एवढ्यासाठी मी पस्तीस वर्षं भांडतेय.

ह्या वर्षी एकादशीच्या आधी अंगणात बसून ते मोगऱ्या घासत होते आणि माझा बांध फुटला. हातातला तांब्या मी फरशीवर आपटला.

"का नाही सांगितलंत तेव्हा आबांना? का नाही म्हणालात, हिनं सांगितलं म्हणून? नऊ वर्षं बापाचं तोंड बंद झालं तुमच्यासाठी! त्यांना खांदा दिलात तोही मुक्या माणसाला दिल्यासारखा! माझी दया आली होती का? मला नको होती तुमची दया! बोला ना, आज तरी बोला!"

ते घासायचे थांबले. कानशीवरचा भुसा फुंकून काढला.

"माझ्या हातचं पाणी त्यांनी सोडलंच असतं, सिंधू," ते म्हणाले. "मीच घासल्या होत्या ना. तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्याही हातचं सोडलं असतं." मग म्हणाले, "घरात आपण दोघंच. एक पाय गेलेला माणूस. त्याला पाणी कोणी दिलं असतं?"

तांब्या गडगडत जाऊन ओट्याशी थांबला होता.

त्यांनी हातातली मोगरी उलटी करून तिच्यावरून अंगठा फिरवला, बाजूला ठेवली, आणि एका खाचेची उचलून घासायला घेतली.